पुण्याची हवा आणि वरोऱ्याची अक्का

जन्मापासून पुण्यात असलेला माणूस पुण्याच्या हवेबद्दल फारसं बोलत नाही. ती त्याला घरचीच वाटते, आणि घरच्या गोष्टीचं कौतुक करायची पुण्यात पद्धत नाही. हवेबद्दल बोलतात ते बाहेरून आलेले. त्यातही वरोऱ्याहून आलेले बद्रीनाथराव भोयर बोलायला लागले, की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची शोधावी हे बरं.

"पुणं म्हणजे काय, तर वाटी," दोन्ही हातांची ओंजळ करून ते सांगत. "चहूबाजूंनी टेकड्या, मधे गाव. दुपारी जरा तापलं, तरी संध्याकाळी सिंहगडाकडून वारा सुटतो तो थेट आमच्या बाल्कनीत. पंखासुद्धा लागत नाही. आणि जागा कशी मोक्याची! मुंबई जवळ, कोकण जवळ, महाबळेश्वर जवळ. गावातल्या गावात तर सगळं दहा मिनिटांवर."

हे ते धायरीच्या फ्लॅटमध्ये, फुल स्पीडवर फिरणाऱ्या पंख्याखाली बसून सांगत.

त्यांचाही फार दोष नव्हता. नोकरीसाठी पहिल्यांदा आले तेव्हा धायरी हे खरंच गाव होतं. शेतं होती, विहिरी होत्या, एप्रिलमध्ये पहाटे पांघरूण लागायचं. वरोऱ्याच्या भट्टीतून निघालेल्या तरण्या पोराला ते पांघरूण म्हणजे चमत्कार वाटला, आणि त्या चमत्काराला ते आजतागायत धरून बसले होते. पुढे शेतांवर इमारती आल्या, विहिरी बुजल्या, पण बद्रीनाथरावांच्या डोक्यातल्या पुण्यात एक वीटही वाढली नाही. 'सगळं जवळ' या समजुतीचं कारण तर आणखी साधं होतं. धायरीहून भोसरीला ते जन्मभर कंपनीच्या बसने गेले. बसमध्ये बसले की झोप लागायची, डोळे उघडले की भोसरी. अशा माणसाला अंतर कसं कळणार?

त्यांच्या पत्नी राधाबाई अस्सल शनिवार पेठेतल्या. कारखान्याच्या ऑफिसात दोघांची ओळख झाली आणि लग्न झालं. नवऱ्याचं पुणे-पुराण त्या भाजी निवडता निवडता ऐकत, आणि अधूनमधून एखादं वाक्य टाकत.

"अहो, ही हवा तुम्ही यायच्या आधीपासून होती. कोणी बोलत नव्हतं म्हणून टिकली होती."

बद्रीनाथरावांचा खरा श्रोता दूर वरोऱ्यात होता. थोरली बहीण, दुर्गाबाई. आईच्या माघारी याच बहिणीने त्यांना वाढवलं, शिकवलं आणि पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, आणि आता ती त्या घरात एकटी राहत होती. दर उन्हाळ्यात बद्रीनाथराव फोन करत आणि पुण्याच्या हवेचं वर्णन ऐकवत. दुर्गाबाई ऐकून घेत आणि म्हणत, "होय ना बाप्पा. तुमचं पुनं म्हणजे काश्मीरच."

गेल्या वर्षी मे महिन्यात मात्र त्यांनी फोन केला आणि तो वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा वाजत राहिला. शेवटी शेजारच्या मुक्ताबाईंना फोन लावला. त्या भिंतीवरून डोकावल्या, तर दुर्गाबाई अंगणात नळापाशी पडलेल्या. ऊन लागलं होतं. सलाईनच्या बाटल्या चढल्या आणि त्या उठून बसल्या, पण मिळेल त्या गाडीने वरोऱ्याला पोचलेल्या बद्रीनाथरावांनी त्यांना खाटेवर पाहिलं, ते काही त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. अक्काला आता एकटं ठेवायचं नाही, पुण्याला कायमचं आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

पण अक्काला 'तू माझ्याकडे ये, मला तुझी काळजी वाटते' असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. तिने आयुष्यात कोणाला आपली काळजी करू दिली नव्हती. मग ते वर्षभर तिला हवा आणि जागा विकत राहिले. ऊन नाही, घाम नाही, सगळं जवळ, देऊळ जवळ, दवाखाना जवळ. शेवटी वर्षभराने दुर्गाबाई म्हणाल्या, "इतकं म्हणतं तं येऊन पाहीन काही दिवस. राहण्यासारखं वाटलं तं राहीन. नाही वाटलं तं पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बद्रीनाथराव म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांची नजर बेडरूमच्या भिंतीवर गेली. तिथे एसी होता.

त्या एसीचाही इतिहास आहे. मुलगा अभिनव आयटीत, घरून काम करणारा. त्याने हट्ट धरला तेव्हा बद्रीनाथरावांनी, 'ही बातमी वरोऱ्याला कळता कामा नये,' या एका अटीवर होकार दिला होता. पुढे त्या एसीखाली सगळ्यात जास्त वेळ कोण झोपतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि अक्काला तर त्यांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "पुण्यात एसी घेतो तो माणूस एक तर आजारी असतो, नाही तर बावळट."

"मग तुम्ही यातले कोणते?" राधाबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

आता उपाय निघाला तो असा, की अक्का आहे तोवर एसी बंद. भिंतीवर एवढी मोठी वस्तू लपणार कशी, म्हणून गणपतीच्या सजावटीतला मोरांचा पडदा माळ्यावरून निघाला आणि एसीवर टाचला गेला. ऐन उन्हाळ्यात, छताला लागून, दोन मोर एकमेकांकडे पाहत नाचू लागले.

"बाबा, सीरियसली?" अभिनव म्हणाला. "मे महिन्यात एसी बंद? माझा लॅपटॉप हँग होईल."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि आत्या कायमची राहिली तर?"

हा विचार बद्रीनाथरावांनी केला नव्हता. त्यांनी तो तेव्हाही केला नाही.

दुर्गाबाई सकाळच्या गाडीने पुणे स्टेशनला उतरल्या. सुती नऊवारी, डोक्यापासून कानापर्यंत घट्ट बांधलेला पांढरा दुपट्टा, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा. बद्रीनाथरावांनी वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसता बसता सुरू केलं, "पाहिलंस, कसं गार वाटतं? आणि स्टेशनपासून घर इथंच आहे."

रिक्षा स्वारगेटपर्यंत बरी चालली. सिंहगड रोडला लागली आणि थांबली. मग हलली, मग पुन्हा थांबली. पुढे टेम्पो, मागे बस, मधल्या फटीतून दुचाक्या. दुर्गाबाईंनी रस्त्याकडेची सगळी दुकानं सावकाश वाचून काढली. मग विचारलं, "हे जवळ हाय?"

"म्हणजे, ट्रॅफिक नसतं तर."

"ट्रॅफिक नसतं तं वरोराही जवळच हाय."

रिक्षावाला हसला. बद्रीनाथराव हसले नाहीत.

पण हवेच्या बाबतीत मात्र असा काही प्रकार घडला, की बद्रीनाथरावांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पहिल्याच दुपारी, घरातले तिघे घामाने निथळत असताना, दुर्गाबाई म्हणाल्या, "राधा, तो पंखा जरा हळू कर वं. आंगावर काटा येऊन राहिला."

राधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने विजयी मुद्रेने बटण फिरवलं. पंखा मंदावला आणि त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

ही काही थट्टा नव्हती. जिथे पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो तिथून आलेल्या बाईला पुण्याची चाळिशी खरोखरच हिवाळी वाटत होती. संध्याकाळी त्या अंगावर शाल घेऊन बाल्कनीत बसत. झोपताना गोधडी मागत. बेडरूममध्ये मोरांखाली दुर्गाबाई गाढ झोपत आणि त्यांच्या शेजारी राधाबाई भिजलेल्या उशीवर कूस बदलत. बाहेरच्या खोलीत बापलेक जमिनीवर सतरंजी टाकून पडत, कारण फरशी त्यातल्या त्यात गार होती. अभिनव तिसऱ्याच दिवशी आपण होऊन ऑफिसला जाऊ लागला. त्याच्या मॅनेजरने म्हणे सगळ्या टीमसमोर त्याच्या कमिटमेंटचं कौतुक केलं.

"थंडी मानवली ना, अक्का?" बद्रीनाथराव रोज सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी विचारत.

"थंडी बरी हाय. पन तुमचं ऊन काही कामाचं नाही," दुर्गाबाई म्हणत. त्यांनी आल्या आल्या कुरड्या घातल्या होत्या आणि बेडरूमच्या छोट्या बाल्कनीत वाळत ठेवल्या होत्या. "आमच्याकडे सकाळी घातल्या की चार वाजता डब्यात. तुमच्याकडे दोन दिवस झाले, अजून लवतात."

पुण्याच्या उन्हाची एवढी बदनामी ऐकून बद्रीनाथरावांचा ऊर भरून आला. त्यांनी ही गोष्ट सोसायटीतल्या तिघा-चौघांना सांगितली. राधाबाई मात्र ओला नॅपकिन मानेवर ठेवून म्हणाल्या, "त्या राहतील हो. आपण राहू का ते बघा."

हवेची परीक्षा अशी पार पडली. राहिली जागेची.

मुक्ताबाईंची नात संस्कृती पुण्यात शिकायला होती, वारज्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. तिच्यासाठी मुक्ताबाईंनी लोणच्याचा डबा दिला होता. तो पोचता करायचा होता. दुर्गाबाईंनी विचारलं, "वारजं कुठं हाय?"

बद्रीनाथरावांना एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळाली असती? "वारजं? अगं, इथंच. या बाजूला धायरी, त्या बाजूला वारजं. दहा मिनिटं."

"अहो, संध्याकाळी जा," राधाबाई म्हणाल्या. "बारा वाजत आलेत."

"पुण्यात बारा वाजले काय आणि सहा वाजले काय, सारखंच," बद्रीनाथराव म्हणाले. त्यांची गेले कित्येक दिवस नीट झोप झालेली नव्हती, डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण हे सांगणं म्हणजे पुण्याशी बेइमानी झाली असती.

दुर्गाबाईंनी निघताना पोटभर पाणी पिऊन घेतलं, दुपट्ट्याने डोकं आणि कान बांधले, पिशवीत एक कांदा आणि पाण्याची बाटली टाकली. दुसरा दुपट्टा भावापुढे धरला. "घे, बांध."

"काय अक्का! पुण्यात कोणी असं बांधत नाही."

तेवढ्यात खालून एक मुलगी स्कूटरवरून गेली. तिच्या चेहऱ्याचे फक्त डोळे दिसत होते, बाकी सगळं ओढणीत. मागोमाग दुसरी गेली, तशीच. दुर्गाबाईंनी तो दुपट्टा घडी करून पिशवीत ठेवला.

रिक्षा हायवेपर्यंत आली आणि पुलाखाली अडकली. ती बराच वेळ तिथेच राहिली. रिक्षावाला मीटरकडे पाहत स्वस्थ बसला होता, दुर्गाबाई त्याच्याशी त्याच्या मुलांबद्दल बोलत होत्या, आणि बद्रीनाथराव घड्याळ पाहत होते. त्यांची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अक्काने तोंडाने काही म्हटलं नव्हतं, पण तिचं न म्हणणं त्यांना जास्त झोंबत होतं. थोडी पुढे सरकून रिक्षा पुन्हा थांबली तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"उतर, अक्का. इथून एक पायवाट आहे. मी तरुणपणी पुष्कळदा गेलोय. आंब्याच्या बागेतून जाते आणि थेट वारज्याला निघते."

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "काका, कुठली आंब्याची बाग?"

"तुमच्या जन्माच्या आधीची," बद्रीनाथराव म्हणाले, आणि उतरले.

बाग होती. म्हणजे तिचं नाव होतं. जिथे पायवाट सुरू व्हायला हवी होती तिथे बावीस मजल्यांची सोसायटी उभी होती आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत 'आम्रकुंज' लिहिलेलं होतं. झाड एकही नव्हतं. वॉचमनने विचारलं, कोणत्या फ्लॅटला जायचंय. बद्रीनाथरावांनी सांगितलं, फ्लॅटला नाही, पलीकडे जायचंय, इथून वाट आहे. वॉचमन म्हणाला, इथं वाट नाही, पार्किंग आहे.

आता इथे कोणीही शहाण्या माणसाने पत्ता विचारला असता. पण बद्रीनाथराव पडले पुणेकर, तेही नंतर झालेले. जन्मलेला पुणेकर एक वेळ पत्ता विचारील, कारण त्याला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. बद्रीनाथराव म्हणाले, "भिंतीला वळसा घालून जाऊ." भिंत संपली तिथे दुसऱ्या सोसायटीची भिंत सुरू झाली. ती संपली तिथे पत्रे लावलेले होते आणि आत खोदकाम चाललं होतं. डांबर तापलं होतं, पत्रे तापले होते, आणि सिंहगडाकडचा वारा त्या दिवशी दुसरीकडे कुठे गेला होता.

"बद्री, सावलीत बस जरा. पानी पे," दुर्गाबाई मागून म्हणाल्या. त्या आपल्या संथ चालीने, सावलीची कड धरून येत होत्या.

"काही नाही गं. आलंच आता. समोर टेकडी दिसते ना, तिथून वारा..."

वाऱ्याबद्दलचं ते वाक्य पुरं झालं नाही. बद्रीनाथरावांच्या डोळ्यांपुढे टेकडी आडवी झाली, पत्र्यांची रांग वाकली, आणि ते आधी गुडघ्यावर आले, मग कुशीवर.

दुर्गाबाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला, "बद्री!" लहानपणी तो विहिरीच्या काठावर जाई तेव्हा त्या असंच ओरडायच्या. पुढच्या क्षणी त्या त्याच्यापाशी होत्या. काखेत हात घालून त्यांनी त्याला पत्र्याच्या सावलीत ओढलं, शर्टाची बटणं काढली, बाटलीतलं पाणी दुपट्ट्यावर ओतून तो डोक्याला आणि छातीला गुंडाळला. कांदा दगडावर फोडून नाकाशी धरला. मग खोदकामावरच्या माणसांना अशी हाक मारली, की सगळी मशिनं थांबली. "पाहून काय राहिले रे पोट्टेहो? पानी आना! गाडी आना!"

पाणी आलं, गाडीही आली. ठेकेदाराने आपल्या गाडीतून दोघांना घरी पोचवलं. दुर्गाबाईंनी वाटभर भावाचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्या दुपट्ट्याने वारा घालत होत्या. बद्रीनाथरावांनी मधेच डोळे उघडले, तर अक्काचा चेहरा वर दिसला. तो रडवेला होता. अक्काला त्यांनी आईच्या तेराव्यालाही रडताना पाहिलेलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी पोचल्यावर राधाबाईंनी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणाले, दोन दिवस गारव्यात झोपवा म्हणाले. धोका नव्हता. डॉक्टर वर मोरांकडे पाहून काहीतरी विचारणार होते, पण राधाबाईंचा चेहरा पाहून न विचारताच गेले.

दुर्गाबाई पदराने तोंड पुसून उभ्या राहिल्या. "अभी, तो मोराचा पडदा काढ, अन् ते मशीन लाव."

ऑफिसातून धावत आलेला अभिनव जागच्या जागी थांबला. राधाबाई छताकडे पाहू लागल्या. बद्रीनाथरावांनी अर्धमिटले डोळे पूर्ण मिटले.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"बाहेर बाल्कनीत त्याचा एवढा मोठा डबा हाय. त्याच्यावर रोज कुरड्या वाळत घालून राहिली मी. आमच्या वरोऱ्यात घरोघरी हायेत ते. मले वाटलं, बिघडलं असन, लाजून झाकलं असन."

पडदा निघाला. एसी घरघरला आणि गार झुळूक खाली आली. राधाबाईंनी तिच्याखाली तोंड वर करून असा श्वास घेतला, की दुर्गाबाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या बाईची दया आली.

राधाबाई आणि अभिनव बाहेर गेल्यावर दुर्गाबाई शाल लपेटून पलंगाशी बसल्या. पन्ह्याचा पेला त्यांनी भावाच्या तोंडाला लावला. "खोटं कायले बोलला रे?"

"हवा चांगली नसती तर तू आलीच नसतीस," बद्रीनाथराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

"हवेसाठी मी कायले येऊ? सत्तर वर्षं उन्हात काढली."

मग मात्र त्यांना राहवलं नाही. ते उठून बसले. "मला भीती वाटते, अक्का. गेल्या वर्षी तो फोन वाजत राहिला ना, तो अजून माझ्या कानात वाजतो. दुपार झाली की वाजतो. तू उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तू इथं राहा. हवा वाईट आहे, सगळं लांब आहे, आंब्याची बाग नाही. तरी राहा."

एवढं बोलून ते रडले. जन्मभरात पुण्याविषयी एवढं खरं ते कधी बोलले नव्हते. दुर्गाबाई म्हणाल्या, "पन्हं संपव," आणि रिकामा पेला घेऊन बाहेर गेल्या. हो नाही, ना नाही. बद्रीनाथरावांना वाटलं, संपलं. आता हा विषय पुन्हा काढायचा नाही, कबूल केलं होतं.

दोन दिवसांनी त्यांना चांगलीच हुशारी आली. डोकं हलकं झालं, भूक लागली, पोळ्या मोजून खाणं बंद झालं. ते आता उठून बाल्कनीत जाऊन बसणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून अक्काचा आवाज आला. ती मुक्ताबाईंशी फोनवर बोलत होती. मुक्ताबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं आख्ख्या मजल्याला ऐकू जात होतं.

"कधी येऊन राहिली वं?" मुक्ताबाई विचारत होत्या. "आवडलं का पुनं?"

"पुन्याचं काय, ठीक हाय. काहीच कशाच्या जवळ नाही. घरातल्या घरात फिरायचं."

बद्रीनाथरावांचा चेहरा उतरला.

"मंग ये ना परत!"

"कशी येऊ? बद्रीची तब्येत लय नाजूक झाली वं. भर रस्त्यात पडला. उन्हात कसं निघावं तेही त्याले समजत नाही. इतकी वर्षं झाली, कोनी शिकवलं नाही. राधा बिचारी एकटी काय काय पाहीन? त्याले असं टाकून येता येत नाही. माझं घर झाडून घेत जाजो, चावी तुझ्यापाशीच ठेव. अन् गल्लीत सगळ्यांले सांगजो, भाऊ कमजोर हाय, म्हनून राहिली म्हना."

कमजोर! दर दिवाळीला छाती काढून वरोऱ्यात फिरणारे बद्रीनाथराव भोयर ताडकन उठून बसले. गल्लीत सगळ्यांना! देशमुखांच्या ओट्यावर, पानाच्या टपरीवर, शाळेतल्या दोस्तांमध्ये! ते दारापर्यंत गेलेही. तोंड उघडलं. 'अक्का, मी ठणठणीत आहे' हे वाक्य जिभेवर तयार होतं.

दाराबाहेर राधाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा परातीकडे पाहिलं. बाकी काही केलं नाही.

बद्रीनाथराव पाऊल न वाजवता मागे फिरले. पलंगावर आडवे झाले, गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं, आणि जितक्या क्षीण आवाजात हाक मारता येईल तितक्या क्षीण आवाजात त्यांनी हाक मारली,

"अक्का... जरा पाणी देतेस का?"

"पाहा, आयकलं ना?" बाहेर दुर्गाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "आता ठेव फोन. मले काम हाय."